आपण कोठून आलात?

धर्मगुरूचे प्रवचन कोणी मनावर घेत नाही, अशी तक्रार आम्ही धर्मगुरू एकमेकांजवळ नेहमी करीत असतो. खरे पाहता या तक्रारीत आमची मोठी सोय असते. कोणी ऐकलेच नाही म्हटल्यावर, जे बोललो त्याचे उत्तर देण्याची पाळीही येत नाही. परंतु क्वचित असे होते की, एखादी माउली आपले शब्द पदरात बांधून घरी नेते, त्यांवर विसंबून घराचे दार उघडते, आणि मग ते शब्द आपल्यालाच पुन्हा तपासून पाहावे लागतात. २०२५ साली ही पाळी आमच्यावर आली.

त्या वर्षी २० जुलैला सामान्य काळातील सोळावा रविवार होता. पहिले वाचन उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातील. मम्रेच्या वृक्षांजवळ, ऐन उन्हाच्या वेळी, अब्राहाम तंबूच्या दारात बसला आहे. मान वर करून पाहतो तो तीन पुरुष समोर उभे. तो धावत जातो, भुईपर्यंत लवतो, पाय धुण्यास पाणी मागवतो, साराला पीठ मळावयास सांगतो, गुरांतले कोवळे वासरू निवडून आणतो. शुभवर्तमान होते मार्था आणि मरिया या भगिनींच्या घरचे. आतिथ्याचाच रविवार म्हणावयाचा. आम्ही त्या दिवशी बरेच रंगात आलो होतो. 'अब्राहामाने नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. तो आधी धावला,' हे वाक्य आम्ही दोनदा उच्चारले. प्रवचनकाराला स्वतःचे वाक्य आवडले की तो ते दोनदा उच्चारतो, हे आमच्या श्रोत्यांना ठाऊक आहेच.

समोर बसलेल्यांत तळेगाव ढमढेरे येथील एक वृद्ध जोडपे होते. पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की वाघोली, कोरेगाव भीमा, सणसवाडी मागे टाकून शिक्रापूर येते. तेथे हमरस्ता सोडून आत वळले की वेळ नदीकाठचे हे गाव लागते. ढमढेरे सरदारांचे म्हणून तळेगाव ढमढेरे. याच नगर रस्त्यावर, शहराच्या तोंडाशी, रामवाडीला आमचे सेमिनरीतले दिवस गेले. तेव्हा सायकली काढून या बाजूला आलो की दुतर्फा बाजरीची आणि ज्वारीची शिवारे दिसत. आज सणसवाडीपासून रांजणगावपर्यंत कारखान्यांची रांग आहे, आणि कारखान्यांमागे खोल्यांची. गावोगावच्या शेतकऱ्यांनी पत्र्याच्या चाळी बांधल्या, कोणी मजल्यावर मजला चढवला. बिहार, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ, जेथून म्हणून माणूस पोटासाठी निघतो, तेथून तो येथे येतो. आमची कुटुंबेही अशीच आली; बहुतेक नगर जिल्ह्यातून, ज्याला आता अहिल्यानगर म्हणावयाचे.

हे काका-मावशी राहुरीकडचे. काकांनी कारखान्यात पंचवीस वर्षे काढली आणि निवृत्तीच्या पैशांतून दुमजली घर बांधले. वरचा मजला मुलासाठी होता. मुलगा आखातात नोकरीला गेला आणि मजला रिकामा राहिला. कारखान्यांत यंत्रे बसवायला चार-आठ दिवसांसाठी माणसे येतात, लग्नाची वऱ्हाडे येतात, १ जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभाला वंदन करण्यासाठी लाखो लोक येतात; त्यांना उतरायला जागा हवी असते. मुलाने तिकडूनच एका कंपनीच्या यादीत वरच्या मजल्याची छायाचित्रे घातली. दिवसाच्या भाड्याने खोली. पैसे मुलाच्या खात्यात, पाहुण्यांची बोलणी मुलाच्या मोबाईलवर, आणि किल्ली जिन्याखाली, आकड्यांच्या कुलपाच्या एका डबीत. आई-बाबांना त्रास नको, हा त्यामागचा त्याचा प्रेमळ हेतू.

ऑगस्टमध्ये मावशी आम्हाला त्या मजल्याला आशीर्वाद देण्यासाठी घेऊन गेल्या. आम्ही पवित्र पाणी शिंपडले, चहा घेतला आणि सहज विचारले, "मावशी, कोण कोण येणार येथे?"

"कोणी का येईना, फादर," मावशी म्हणाल्या. "नाव नाही, गाव नाही. आधी धावायचं. तुम्हीच सांगितलंत ना मिस्सात?"

आम्हाला बरे वाटले. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर फारच बरे वाटले.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दोघांच्या नावाची मागणी आली. यंत्रदुरुस्तीचे काम आहे, दोन रात्री राहू, असे कळवले होते. संध्याकाळी दोघे आले. नऊच्या सुमारास आणखी तिघे, दहानंतर आणखी काही. वर गाणी सुरू झाली, बाटल्या फुटल्याचे आवाज आले, शेजाऱ्यांनी दारातून हाका मारल्या. मावशींनी मुलाला फोन लावला. मुलगा तिकडून त्या पाहुण्याला फोन लावीत राहिला. तो कोणी उचलेना. साडेअकराला काका एकटेच जिना चढून गेले. वर काय बोलणे झाले ते निश्चित कळत नाही. काका म्हणतात, "माझा पाय घसरला." मावशी म्हणतात, त्यांना ढकलले. एवढे खरे की अडुसष्ट वर्षांचा तो माणूस बारा पायऱ्या खाली आला आणि खुब्याचे हाड मोडले. धावपळीत वरची मंडळी निघून गेली. सकाळी पोलिसांनी साधे प्रश्न विचारले: किती जण होते, नावे काय, गाडीचा क्रमांक काय? घरातल्या कोणालाही एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मुलाच्या मोबाईलवर एक नाव होते आणि एक बंद पडलेला क्रमांक.

रुग्णालयात आम्ही काकांना प्रभुप्रसाद घेऊन गेलो. मावशी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फादर, ते देवाची माणसं आहेत, हे अब्राहामाला कसं कळलं?"

आम्ही म्हणालो, "त्याला कळले नव्हते, मावशी."

"मग त्याचं नशीब चांगलं," त्या म्हणाल्या.

या प्रसंगाचे उत्तर 'कलियुग आले आहे' एवढ्यावर आटोपता आले असते. परंतु त्याच बाकावर मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि आमची झोप उडाली. नव्वदच्या दशकात नवरा-बायको लहान मूल घेऊन या भागात खोली शोधीत फिरत होते. तीन ठिकाणी खोली रिकामी होती, भाडेही ठरले होते. मग घरमालकाने आडनाव विचारले. आडनावानंतर गाव, गावानंतर 'म्हणजे तुम्ही नेमके कोण?' आणि त्यानंतर खोली रिकामी नव्हती. चौथ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या बाईने काही न विचारता गोठ्याशेजारची खोली उघडून दिली. त्या दिवशी मावशींनी मनाशी ठरवले होते की, आपले घर झाले तर दारात आलेल्याला 'तू कोण' हा प्रश्न आपण करणार नाही. आमच्या प्रवचनाने त्यांना नवे काही शिकवले नव्हते. जुन्या जखमेतून निघालेल्या त्यांच्या निश्चयावर आम्ही केवळ धर्माची मोहोर उमटवली होती, तीही अर्धा अध्याय वाचून.

अर्धा म्हणण्याचे कारण असे. पुढच्या रविवारी, २७ जुलैला, सदोमासाठी अब्राहामाने परमेश्वराशी केलेली घासाघीस वाचली गेली, आणि ती मालिका तेथेच थांबली. एकोणिसाव्या अध्यायातला लोट रविवारच्या वाचनांत येत नाही. तोही अब्राहामासारखाच वेशीत बसला होता, तोही लवून उभा राहिला, त्यानेही आग्रहाने पाहुण्यांना घरात नेले. आणि रात्री त्याच्या दाराभोवती सारे गाव जमले. तेथे धोका पाहुण्यांचा नव्हता, गावाचा होता, हे खरे. परंतु दार उघडणे म्हणजे संकटाला जागा देणे असू शकते, हे त्या पानावर स्पष्ट लिहिलेले आहे. बेनसिराचा ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलात आहे. त्याच्या अकराव्या अध्यायात तर हा वृद्ध गुरू रोखठोक सांगतो की, दिसेल त्याला घरात आणू नये, कपटी माणसाच्या युक्त्या पुष्कळ असतात. आम्ही सेमिनरीत हे सारे शिकलो होतो. प्रवचनाच्या वेळी मात्र रंग भरणारे तेवढे घेतले.

मग अठरावा अध्यायही पुन्हा वाचला. अब्राहामाने नाव विचारले नाही, हे बरोबर. पण तो दारातच बसलेला होता. त्याने पाहुण्यांना बसवले ते झाडाखाली; तंबू मागे राहिला, सारा आत राहिली. ते जेवत असताना तो त्यांच्याजवळ उभा होता. निघाले तेव्हा त्यांना वाटेला लावायला बरोबर चालत गेला. म्हणजे पहिल्या क्षणापासून शेवटच्या पावलापर्यंत यजमान हजर होता. किल्ली डबीत ठेवून तो दुसऱ्या देशातून बोलत नव्हता. आमच्या मते सगळी गोम येथे आहे.

ज्या कंपनीच्या नावाने हा व्यवसाय जगभर ओळखला जातो, त्या एअरबीएनबीचा आरंभ पाहिला तरी हेच दिसते. २००७ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन तरुणांनी, भाडे भागेना म्हणून, आपल्याच घरात हवा भरायच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले. परिषदेमुळे शहरातली हॉटेले भरली होती. यजमान त्याच घरात झोपत होते. पुढे व्यवसाय वाढला, आणि यजमान घराबाहेर पडला. २०११ साली त्याच शहरातील एक बाई परगावाहून परतल्या तो पाहुण्याने घराची नासधूस करून चीजवस्तू लांबवलेली. त्यानंतर कंपनीने यजमानांसाठी पन्नास हजार डॉलरपर्यंतची हमी सुरू केली. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील ओरिंडा येथे अशाच घेतलेल्या घरात मेजवानीला गर्दी लोटली, गोळीबार झाला आणि पाच जण प्राणास मुकले. मेजवान्यांवर बंदी त्यानंतर आली. पाहुण्यांच्या खोल्यांतून यजमानांनी कॅमेरे लावू नयेत, हा सरसकट नियम तर २०२४ सालचा. प्रत्येक नियमामागे कोणाचे तरी दुखणे आहे.

आपल्याजवळच्या गोव्यातही जानेवारी २०२४ मध्ये एक हृदयद्रावक घटना घडली. कांदोळी येथे दिवसाच्या भाड्याने घेतलेल्या सदनिकेत चार वर्षांच्या मुलाचा जीव गेला. आरोप त्याच्या आईवरच आहे. त्याविषयी अधिक लिहिणे आम्हाला जड जाते. परंतु सकाळी खोली आवरायला गेलेल्या कामगारांना डाग दिसले, त्यांनी लगेच कळवले, आणि टॅक्सी कर्नाटकात पोहोचली असतानाच पोलिसांना तिचा माग लागला. त्या घराला निदान सकाळी आत डोकावणारे माणूस होते.

गोव्याची आमची एक आठवण मात्र हसू आणणारी आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात होते. आम्ही धर्मग्रामातील चाळीस जणांना घेऊन गेलो आणि एका गावात तीन घरांत उतरलो. आमच्या घराची मालकीण सत्तरीची, काळा चष्मा लावलेली बाई होती. तिने व्हरांड्यात खुर्ची टाकली, प्रत्येकाचे आधार कार्ड पाहिले, वहीत नावे उतरवली, डोकी मोजली आणि चौदाच्या जागी पंधरावे डोके निघाले तेव्हा ते दुसऱ्या घरी पाठवले. आमचीही गय केली नाही. मंडळी कुरकुरली, "फादरांनासुद्धा ओळखपत्र?" दुसऱ्या दिवशी एका चर्चमध्ये मिस्सा अर्पण करावयास गेलो तर वस्त्रागारातल्या तरुण धर्मगुरूने नम्रपणे आमचे 'सेलेब्रेट' मागितले. सेलेब्रेट म्हणजे आपल्या महागुरूंचे पत्र: हा मनुष्य खरोखर धर्मगुरू आहे आणि त्याला मिस्सा अर्पण करण्यास प्रतिबंध नाही. धर्मसंहितेच्या ९०३ व्या कलमात ही तरतूद आहे. आम्हाला क्षणभर राग आला. तीस वर्षांच्या सेवेनंतर कोणी आपल्याला 'आपण कोण' म्हणून विचारावे! पत्र पाहिल्यावर त्याच धर्मगुरूने आम्हाला मुख्य वेदीवर उभे केले आणि दुपारी जेवल्याशिवाय सोडले नाही.

प्रभूच्या वेदीशी जर पत्र विचारतात, तर माणसाच्या दाराशी विचारण्यात कमीपणा कसला? पहिल्या शतकांतील ख्रिस्ती मंडळ्यांकडे तर रोज परके येत. 'डिडाखे' नावाची एक प्राचीन पुस्तिका आहे, बारा प्रेषितांची शिकवण म्हणून ओळखली जाणारी. फिरस्त्या प्रेषिताचे प्रभूप्रमाणे स्वागत करा, असे ती सांगते, आणि लगेच पुढे बजावते की, तो एक दिवस राहील, गरज पडली तर दुसरा. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा समजा. पैसे मागितले तरी खोटा. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठांना नियम घालून दिला की, येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्त समजावा. पण दारावर त्यांनी ठेवला तो एक पोक्त, समंजस म्हातारा, ज्याला निरोप घेणे आणि देणे कळते, आणि ज्याची खोली दाराजवळच आहे.

तथापि मावशींची जखम या दाखल्यांनी भरत नाही, हे आम्ही जाणतो. आपल्याकडे 'आपण कोठून आलात' या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न लपलेला असतो. जुन्या गावगाड्यात वेशीवर येसकर असे. गावात कोण आला, कोण गेला, कोणाकडे उतरला, याची खबर त्याने पाटलाला द्यावयाची. हे काम महार समाजाकडे होते. आमच्या धर्मग्रामातील कित्येकांच्या खापरपणजोबांनी ही येसकरी केलेली आहे. साऱ्या परक्यांची ओळख ठेवणारा तो माणूस स्वतः मात्र वेशीबाहेर राहत होता. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या विचारले गेले, त्याने इतरांना विचारावयाचे नाही असे ठरवले, तर त्याला भोळा म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण नाव वहीत लिहिण्यासाठी विचारणे वेगळे, आणि दार लावून घेण्यासाठी विचारणे वेगळे. पहिला प्रश्न सर्वांना सारखा असतो. गोव्याच्या त्या बाईने आम्हाला विचारला तसा.

काका काठी घेऊन चालू लागल्यावर आम्ही मुलाशी फोनवर सविस्तर बोललो. त्याचा पहिला विचार सारे बंद करण्याचा होता. घराचे हप्ते पाहता ते सोपे नव्हते, आणि मावशींनाही नको होते. शेवटी एवढे ठरले की, किल्लीची डबी काढावयाची, किल्ली मावशींच्या हातून द्यावयाची, दोघे म्हटले तर दोघेच, आणि अंधार पडल्यावर एकट्याने वर जावयाचे नाही. शेजाऱ्यांना हाक मारावयाची, पोलिसांना ११२ वर फोन करावयाचा. राहणाऱ्यांची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश पुणे जिल्ह्यात वेळोवेळी निघतात; असा आदेश मोडला तर पूर्वी दंड संहितेचे १८८ वे कलम लागे, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे २२३ वे लागते. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये शेजारच्या कारेगावात एकवीस बांगलादेशी नागरिक बेकायदा राहत असल्यावरून पकडले गेले, तेव्हा परिसरातल्या पुष्कळ घरमालकांना या नियमांची प्रथमच जाग आली. त्या माणसांविषयी आम्हाला कणवच वाटते. पण कणव असली तरी वहीत नाव असावयास हरकत नव्हती.

वर आणखी एक गोष्ट आढळली, जी आशीर्वाद देताना आमच्या नजरेतून सुटली होती. न्हाणीघराला खिडकी नव्हती आणि आत गॅस गिझर बसवलेला. कोंदट जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस अंघोळ करता करता कोसळतो. आपल्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. २०२२ साली मेक्सिको सिटीत दिवसाच्या भाड्याने घेतलेल्या जागेत तीन अमेरिकन पाहुणे याच वायूने दगावले. म्हणजे भिणे फक्त यजमानाच्या वाट्याला आहे असे नाही. ज्या मजल्यावर आम्ही पवित्र पाणी शिंपडले, तेथे एखादा निरपराध पाहुणा आमच्या हातून गेला असता. काकांनी गिझर काढून बाहेरच्या भिंतीवर बसवला आणि न्हाणीघराला जाळी पाडली.

नाताळच्या आठवड्यात तळेगावला कुटुंबांच्या भेटी होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तेथेच मिस्सा असल्याने काका-मावशींनी आम्हाला वरच्या मजल्यावर मुक्कामाचा आग्रह केला. जेवण झाले, किल्ली मागितली. मावशी किल्ली घेऊन आल्या आणि तिच्याबरोबर एक लांब, निळ्या पुठ्ठ्याची वहीही.

"फादर, नाव लिहा."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. आम्ही चष्मा लावून नाव लिहिले, गाव लिहिले, येण्याचे कारण लिहिले. शेवटच्या रकान्यात ओळखपत्राचा क्रमांक होता. आधार कार्ड धर्मगुरूनिवासात राहिले होते, तसे सांगितले.

"असू द्या," मावशी किल्ली हातात ठेवीत म्हणाल्या. "उद्या पोचल्यावर फोटो पाठवा. रकाना मोकळा ठेवते."